हिरा खिशात मावतो, लोखंड मावत नाही

२०१३ साली पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची अर्थव्यवस्था वर्षभरात २० टक्क्यांहून जास्त वाढली. त्या वर्षी एवढ्या वेगाने वाढलेले देश जगात हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच होते. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, तीच अर्थव्यवस्था जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी आकसली. या दोन वर्षांत डोंगर जागचे हलले नव्हते, डोंगरातलं लोखंडही संपलं नव्हतं. फक्त जागतिक बाजारात लोहखनिजाचा भाव कोसळला होता, आणि त्याच सुमाराला इबोलाची साथ येऊन थडकली होती.

'श्रीमंत जमीन, गरीब माणसं' हे आफ्रिकेबद्दलचं ठरलेलं वाक्य टाकून विषय मिटवता येतो. ते खोटं नाही, पण त्यातून काही कळतही नाही. पैसा नेमका कुठल्या वळणावर हातचा जातो हे पाहायचं तर एकेक खनिज सुटं करून बघावं लागतं. एक हिशेब करून पाहा. २०१७ मध्ये या देशात ७०९ कॅरेटचा एक हिरा सापडला. वजन १४२ ग्रॅमच्या आसपास, किंमत आली ६५ लाख डॉलर. तेवढेच पैसे लोहखनिजातून मिळवायचे तर टनाला ६५ डॉलर भाव धरून एक लाख टन माती-दगड खणून, रेल्वेने बंदरावर नेऊन, जहाजात भरावा लागेल. पहिली वस्तू एक माणूस खिशात घालून रात्रीतून सीमा ओलांडू शकतो. दुसरी चोरायची तर आधी रेल्वे बांधावी लागेल. सरकार कर किती लावू शकतं, मजुराला किती मिळतं, कंपनी किती अटी घालते, यातलं बरंचसं या एका फरकावरून ठरतं. भ्रष्टाचार वगैरे गोष्टी आहेतच, पण त्या त्यानंतर येतात.

आधी थोडा भूगोल. गिनी आणि लायबेरिया यांच्या मध्ये, अटलांटिकच्या किनाऱ्यावर हा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे ७२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून थोडं कमीच. लोकसंख्या ८० लाखांच्या वर. १९६१ मध्ये ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं. राजधानी फ्रीटाउन. पूर्वेला कोनो आणि केनेमा या जिल्ह्यांत हिरे, उत्तरेला टोंकोलिली आणि मारांपा इथे लोखंड, दक्षिणेला रूटाइल आणि बॉक्साइट, बऱ्याच नद्यांच्या वाळूत सोनं, आणि समुद्राखाली तेलाच्या खुणा. एवढ्याशा देशात एवढं सगळं आहे.

फावडं, चाळण आणि उचल

कोनोतले हिरे मूळचे किंबर्लाइट नावाच्या खडकातले. लाखो वर्षांत पावसाने तो खडक झिजवला आणि नद्यांनी त्यातले हिरे जवळपास २० हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात विखरून टाकले. त्यामुळे ते काढायला खोल खाण लागत नाही. फावडं, बादली, चाळण आणि पाणी असलं की झालं. १९३० मध्ये पहिला हिरा सापडला. काही वर्षांतच ब्रिटिश वसाहत सरकारने 'सिएरा लिओन सिलेक्शन ट्रस्ट' या एकाच कंपनीला सबंध देशातल्या हिऱ्यांचा मक्ता देऊन टाकला, तोही ९९ वर्षांसाठी. पण नदीकाठच्या वाळूवर पहारा ठेवणार कसा? १९५०च्या दशकात हजारो माणसं शेतं सोडून कोनोकडे निघाली, आणि १९५६ मध्ये सरकारला स्थानिकांना परवाने द्यावेच लागले. पुढे १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्स यांनी कंपनीतला ५१ टक्के हिस्सा सरकारकडे घेतला. या सरकारीकरणाचा फायदा खजिन्याऐवजी राष्ट्राध्यक्षांच्या गोतावळ्यालाच जास्त झाला. १९७० मध्ये अधिकृत निर्यात २० लाख कॅरेटच्या घरात होती. १९८८ मध्ये ती ४८ हजारांवर आली. हिरे संपले नव्हते, त्यांनी फक्त वाट बदलली होती.

ही वाट समजून घ्यायला एका खड्ड्याजवळ उभं राहू. परवाना अर्ध्या हेक्टरपर्यंतचा, आणि तो फक्त त्या देशाच्या नागरिकालाच मिळतो. आधी वरची माती उपसायची. खाली खडीचा थर लागला की पंप लावून खड्ड्यातलं पाणी काढायचं, खडी वर आणून तिचा ढीग करायचा. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गोल चाळणीत ती धुवायची. चाळण नुसती हलवून भागत नाही, ती एका ठराविक झोकाने गोल फिरवावी लागते. त्या फिरकीने हलके खडे कडेला सरकतात, जड खडे मध्यभागी गोळा होतात. पालथी घातली की मधल्या काळसर ठिपक्यात हिरा असेल तर असतो. बहुतेक दिवशी नसतो. धुवून टाकलेली जुनी खडी पुन्हा धुणारेही असतात. त्याला तिथे 'ओव्हरकिकिंग' म्हणतात, आणि गरिबातले गरीब त्यावर जगतात.

आता पैसा. परवान्याची फी, पंपाचं डिझेल, फावडी, मजुरांचा तांदूळ हे सगळं जो पुरवतो त्याला तिथे 'सपोर्टर' म्हणतात. तो बहुधा हिऱ्यांचा व्यापारीच असतो, पुष्कळदा लेबनीज वंशाचा किंवा मांडिंगो समाजातला. मजुराला रोज थोडा भात, कधी थोडे पैसे, आणि हिरा सापडला तर त्यात वाटा. पण सापडलेला खडा दाखवायचा त्याच व्यापाऱ्याला, भाव सांगणार तोच, आणि आधी दिलेल्या रकमेची वजावटही तोच करणार. ऊसतोडीतली उचल आणि मुकादम ज्यांना माहीत आहेत त्यांना यातली मेख वेगळी सांगायला नको. फरक एवढाच की उसाचं वजन काट्यावर दिसतं. हिऱ्याचा रंग, आतला डाग, घडणावळीत होणारी घट हे ओळखण्याची नजर व्यापाऱ्याकडे असते, मजुराकडे नसते. शहरात जाऊन दुसरा भाव काढावा तर कर्ज आड येतं.

सरकारचं काय? अशा हाताने काढलेल्या हिऱ्यांवर निर्यातकर आहे जेमतेम ३ टक्के. इतका कमी का, असं कुणालाही वाटेल. उत्तर नकाशात आहे. शेजारी लायबेरिया आणि गिनी, मध्ये जंगल, आणि वस्तू अशी की तोंडातही लपवता येते. तुम्ही १० टक्के कर लावला आणि शेजाऱ्याचा ३ टक्के असला, तर हिरा शेजाऱ्याकडून निघेल. हिऱ्यावरच्या कराचा दर अर्थमंत्री जाहीर करतो खरा, पण तो ठरवतो चोरटा व्यापारी.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते १९९०च्या दशकात दिसलं. १९९४ ते १९९८ या काळात बेल्जियमच्या कागदोपत्री लायबेरियातून ३ कोटी १० लाख कॅरेट हिरे आले. लायबेरियाची स्वतःची क्षमता वर्षाला एक-दीड लाख कॅरेट. उरलेले कुठले, हे सगळ्या जगाला माहीत होतं. १९९१ मध्ये लायबेरियाच्या बाजूने 'रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट' ही बंडखोर सेना सिएरा लिओनमध्ये घुसली होती आणि हिऱ्यांचे खड्डे तिच्या हाती गेले होते. त्या ११ वर्षांच्या युद्धात काय झालं, किती जणांचे हात तोडले गेले, त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, इथे पुन्हा सांगत नाही. अर्थकारणाच्या बाजूने एकच कलम पाहू. जुलै १९९९च्या लोमे करारात बंडखोरांचा म्होरक्या फोडे सांकोह याला एका आयोगाचं अध्यक्षपद देण्यात आलं, दर्जा उपराष्ट्राध्यक्षाचा. आयोगाचं काम काय, तर देशातल्या मौल्यवान खनिजांचं व्यवस्थापन. युद्ध कशासाठी चाललं होतं हे यापेक्षा उघडपणे कुठल्या कागदावर लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

भारताचा या प्रकरणाशी थेट संबंध आला तो इथेच. करारानंतर आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती मेजर जनरल विजयकुमार जेटली. मे २००० मध्ये बंडखोरांनी कैलाहुन इथे भारतीय तुकडीला वेढा घातला, तो जुलैमध्ये 'ऑपरेशन खुकरी' करून फोडावा लागला. याच काळात जेटलींचं एक अंतर्गत टिपण बाहेर फुटलं. शांतिसेनेतल्याच काही नायजेरियन अधिकाऱ्यांचे हिऱ्यांवरून बंडखोरांशी लागेबांधे आहेत, असा आरोप त्यात होता. नायजेरियाने तो फेटाळला, वाद चिघळला आणि शेवटी भारताने आपलं सैन्य परत बोलावलं.

पुढे २००३ पासून 'किंबर्ली प्रक्रिया' लागू झाली. कच्चा हिरा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना सीलबंद पेटी आणि सरकारी प्रमाणपत्र हवं, असा हा नियम. मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये किंवा सुरतेला येणारा कच्चा माल याच कागदावर येतो, आणि जगातले बहुतेक हिरे संख्येने पाहिले तर सुरतेतच घडतात. त्यामुळे हा कागद आपल्याकडच्या धंद्यासाठीही कळीचा. नियमाचा उपयोग झाला का? आकड्यांत तरी झाला. सिएरा लिओनची अधिकृत हिरे निर्यात १९९९ मध्ये जेमतेम १२ लाख डॉलर होती. २००४ पर्यंत ती साडेबारा कोटी डॉलरच्या पुढे गेली. यात युद्ध थांबल्याचा वाटा अर्थातच मोठा. पण हे प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं की या हिऱ्याच्या पैशातून बंडखोरांनी बंदुका घेतलेल्या नाहीत. चाळण फिरवणाऱ्याला त्यातले किती मिळाले, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

म्हणूनच २०१७च्या त्या ७०९ कॅरेटच्या हिऱ्याचं अप्रूप. तो कोनोत सापडला. परवाना होता इमॅन्युएल मोमोह या पाद्र्याचा. त्याने तो चोरवाटेने न विकता तिथल्या मुखियामार्फत सरकारच्या हवाली केला. फ्रीटाउनमधल्या पहिल्या लिलावात आलेली बोली सरकारला कमी वाटली म्हणून नाकारली. मग डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला, आणि तिथे आले ६५ लाख डॉलर, म्हणजे नाकारलेल्या बोलीपेक्षाही कमी! तरी वाटणी पाहण्यासारखी आहे. ५९ टक्के सरकारकडे, १५ टक्के त्या भागाच्या विकासासाठी, २६ टक्के खोदणाऱ्यांकडे. उघड बाजारात विकलं तर प्रत्येकाच्या वाट्याला नेमकं किती येतं हे गावाला कळलं, ही त्यातली खरी नवलाई.

एरवी गावाच्या वाट्याला काय येतं? २००१ पासून एक नियम आहे. ३ टक्के निर्यातकरातला पाव भाग, म्हणजे निर्यातमूल्याच्या पाऊण टक्का, हिरे निघतात त्या भागांना परत द्यायचा. रक्कम छोटी, पण परवाने जितके जास्त तितका वाटा जास्त, असं सूत्र असल्यामुळे बेकायदा खड्डे कायद्यात आणण्यात गावच्या मुखियालाही गोडी वाटू लागली. पैसे पुढे शाळेवर खर्च झाले की मुखियाच्या पडवीवर, हे मात्र गावागणिक बदलतं.

कोनोतल्या कोइडू शहराला लागून किंबर्लाइटची खोल खाणही आहे, ती कंपनी चालवते. तिथला एक किस्सा वकिलांना आवडेल. शहराच्या नगरपालिकेने 'ऑक्टिया' या कंपनीकडे मालमत्ता कर मागितला आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ मध्ये निकाल लागला की खाण ऑक्टियाची नाहीच, तिच्या हाताखालच्या कोइडू लिमिटेडची आहे, आणि कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. एका कंपनीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, हा प्रकार पुढे लोखंडाच्या गोष्टीतही येणार आहे. २०२५ मध्ये संपानंतर ही खाण बंदच पडली, हजाराच्या वर कामगार घरी बसले. भांडण पगाराचं होतं, आणि त्यातही मुख्यतः पगार स्थानिक चलनात देताना डॉलरचा कुठला दर लावायचा याचं.

लोखंडाची गोष्ट वेगळी

लोहखनिज चोरून नेता येत नाही. मग सरकारला कर लावायला मोकळं रान असायला हवं. तसं होत नाही, कारण इथे अडवणुकीची जागा बदलते. खाण सुरू होण्याआधी गरज सरकारला असते. रेल्वे नाही, बंदर मोडकळीला आलेलं, आणि कोट्यवधी डॉलर घालायला तयार असलेली कंपनी समोर बसलेली. ती म्हणते, आधी सवलती लिहून द्या. एकदा रेल्वे बांधून झाली की पारडं फिरतं. रूळ उचलून नेता येत नाहीत, आता गरज कंपनीला. हे कंपनीलाही पक्कं माहीत असतं, म्हणून ती करारातच कलम घालून घेते: पुढची २०-२५ वर्षं कायदा बदलला तरी आमच्या अटी बदलायच्या नाहीत.

युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सिएरा लिओनने अशा सवलती सढळ हाताने दिल्या. आफ्रिकन मिनरल्स या लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने टोंकोलिलीपासून पेपेल बंदरापर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा रेल्वेमार्ग उभा केला आणि २०११च्या शेवटी निर्यात सुरू केली. लंडन मायनिंग या दुसऱ्या कंपनीने मारांपाची जुनी खाण पुन्हा चालू केली. देशाच्या अंदाजपत्रकावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांनी मांडलेला हिशेब असा: २०१२ या एका वर्षात सीमाशुल्क आणि वस्तू-सेवा कराच्या माफीपोटी सरकारने सोडलेली रक्कम, सर्व क्षेत्रं मिळून, २२ कोटी डॉलरच्या वर. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ८ टक्क्यांहून जास्त. आणि त्याच काळात विकासदराचे आकडे पाहून सगळे टाळ्या वाजवत होते.

विकासदर आणि सरकारी तिजोरी यांची गाठ किती सैल असते ते असं समजून घेता येईल. समजा, एक टन खनिज १०० डॉलरला विकलं. देशाच्या उत्पन्नात त्यातला मोठा भाग लगेच मोजला जातो. सरकारला मात्र हमखास मिळतं ते ३ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी), म्हणजे ३ डॉलर. उरलेला मोठा कर नफ्यावर, आणि नफा तर आधी व्हायला हवा. खोदाई, रेल्वे, बंदर मिळून ६० डॉलर खर्च. रेल्वेसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज २५ डॉलर. यंत्रांच्या झिजेची, म्हणजे घसाऱ्याची, वजावट २० डॉलर. कागदावर झाला ८ डॉलरचा तोटा. हा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातूनही वजा करता येतो. आता ते कर्ज देणारी कंपनी त्याच मालकाची, पण कर नसलेल्या एखाद्या बेटावर नोंदलेली असेल, तर व्याज म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. यात काही बेकायदा असेलच असं नाही. करारात बसतं, हीच तर अडचण.

दुसरी फट विक्रीच्या भावात असते. २०१२ मध्ये चीनच्या शांडोंग आयर्न अँड स्टील या पोलाद कंपनीने दीड अब्ज डॉलर देऊन टोंकोलिली प्रकल्पातला २५ टक्के हिस्सा घेतला. सोबत ठरलं की खनिज तिला बाजारापेक्षा सवलतीच्या भावाने मिळेल. आफ्रिकन मिनरल्सला भांडवल मिळालं, शांडोंगला स्वस्त माल. पण स्वामित्वधन विक्रीच्या किमतीवर निघतं, त्यामुळे अशा कुठल्याही सौद्यात कर बाजारभावावर घ्यायचा की ठरलेल्या भावावर हा प्रश्न उभा राहतो. तो तपासायला खनिजाची प्रत, वाहतुकीचा दर, चीनमधला रोजचा भाव हे जाणणारी माणसं सरकारकडे लागतात. २०१२ मध्ये राष्ट्रीय खनिज संस्था स्थापन झाली ती याच गरजेपोटी, पण तोवर मोठे करार होऊन गेले होते.

मग घसरण. २०११च्या सुरुवातीला टनाला १९० डॉलरच्या आसपास पोचलेला भाव २०१४ संपताना ७०च्या खाली आला, पुढच्या वर्षाअखेर ४०वर. ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमधल्या अवाढव्य खाणी त्या भावातही तग धरून होत्या. सिएरा लिओनमधला उत्पादनखर्च त्यांच्यापेक्षा जास्त होता. मे २०१४ मध्ये इबोलाचा पहिला रुग्ण सापडला. त्या साथीत देशात १४ हजारांवर लोकांना लागण झाली, जवळपास चार हजार गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये लंडन मायनिंगने हात टेकले, २०१५ मध्ये आफ्रिकन मिनरल्सने. टोंकोलिली शांडोंगच्या ताब्यात गेली. सुरुवातीला सांगितलेलं २० टक्क्यांचं आकसणं ते हेच. दोन खाणी बंद पडल्याने एका देशाचं उत्पन्न पाचव्या हिश्शाने घटतं, यातच त्या २० टक्के वाढीची खोली कळते.

२०१८ मध्ये ज्युलियस माडा बिओ यांचं सरकार आलं आणि त्याने जुने करार उकरून काढले. शांडोंगचा परवाना रद्द झाला, टोंकोलिली पुढे किंघो या दुसऱ्या चिनी कंपनीकडे गेली. मारांपाची खाण चालवणाऱ्या एसएल मायनिंगचाही परवाना २०१९ मध्ये रद्द केला, तेव्हा कंपनी आंतरराष्ट्रीय लवादात गेली. २०२१ मध्ये समेट झाला: कंपनीने सरकारला २ कोटी डॉलर आणि खाणीत १० टक्के हिस्सा द्यायचा, तोही सरकारने एक पैसा न गुंतवता. हा फुकटचा हिस्सा २०२२च्या नव्या खाण कायद्यात सगळ्या मोठ्या खाणींसाठीच आला. ऐकायला छान वाटतो. पण हिस्सा म्हणजे लाभांशाचा हक्क, आणि लाभांश नफ्यातून येतो. वरचं १०० डॉलरचं गणित पुन्हा पाहा. माझ्या मते अशा देशाने फुकट हिश्शापेक्षा स्वामित्वधनाचा एखादा टक्का वाढवून घ्यावा. त्यात मिरवण्यासारखं कमी, पण वसुली सोपी.

पांढरा रंग आणि बुडालेली शेतं

रूटाइलबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, वापर मात्र घरोघरी. हे टायटॅनियमचं खनिज. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, वेल्डिंगच्या कांड्यांत ते जातं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सापडणारं इल्मेनाइट याच्याच गोत्रातलं. सिएरा लिओनच्या दक्षिणेला नैसर्गिक रूटाइलचा जगातला एक मोठा साठा आहे, आणि १९६०च्या दशकापासून तो काढला जातोय. जुनी पद्धत अशी की दरीला बांध घालून तळं करायचं, त्यात तरंगतं खोदयंत्र सोडायचं आणि तळाची माती उपसत पुढे जायचं. यंत्र पुढे जातं, तळं मागे राहतं. त्या तळ्याखाली भाताची खाचरं गेली, काही गावं उठवावी लागली.

इथे जमिनीचा प्रश्न येतो. सिएरा लिओनच्या ग्रामीण भागात जमीन कुटुंबांची आणि कुळांची, तिची राखण 'पॅरामाउंट चीफ'कडे. जमिनीखालचं खनिज मात्र सरकारचं. त्यामुळे कंपनी वर्षानुवर्षं मुखियाशी आणि फ्रीटाउनमधल्या मंत्र्याशी बोलून काम उरकत असे. शेत कसणाऱ्या बाईला कळायचं ते बुलडोझर आल्यावर. २०२२च्या जमीनहक्क कायद्याने यात मोठा बदल केला. कुटुंबाच्या जमिनीवर प्रकल्प आणायचा तर त्या कुटुंबातल्या किमान ६० टक्के सज्ञान सदस्यांची संमती हवी, आणि त्यात बायकांचं मत पुरुषांइतकंच धरायचं. गुंतवणूकदारांनी लगेच तक्रार केली की अशाने कुणी येणारच नाही. तक्रारीत थोडं तथ्य आहे. विस्तारलेल्या कुटुंबातले ६० टक्के शोधायचे कुठे, अर्धे फ्रीटाउनला, काही लंडनला. पण हा कायदा नव्हता तेव्हा संमती सोपी होती याचा अर्थ ती कुणी विचारतच नव्हतं.

समुद्राखालचं तेल

२००७ मध्ये घानाच्या किनाऱ्याजवळ 'जुबिली' हे तेलक्षेत्र सापडलं आणि साऱ्या किनारपट्टीला आशा वाटू लागली. भूगर्भाची तीच रचना पश्चिमेकडे सिएरा लिओनपर्यंत जाते असा तज्ज्ञांचा होरा होता. २००९ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅनाडार्को कंपनीने फ्रीटाउनच्या समुद्रात 'व्हीनस' ही विहीर खोदली. वर १,८०० मीटर पाणी, आणि एकूण खोली साडेपाच किलोमीटरच्या वर. तेलाचा अंश असलेला १४ मीटरचा थर लागला. पुढच्या वर्षी 'मर्क्युरी' विहिरीत ४१ मीटरचा थर मिळाला, तेल हलकं आणि चांगल्या प्रतीचं. २०१२ मध्ये 'ज्युपिटर'. वर्तमानपत्रांत मथळे आले: तेल सापडलं!

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. तेल सापडणं आणि तेल काढणं परवडणं या दोन निराळ्या बाबी. विहिरीत थर लागला म्हणजे एका टोचणीच्या जागी तेल आहे एवढंच कळतं. ते बाजूला किती पसरलंय, खडक सच्छिद्र आहे का, म्हणजे तेल वाहून येईल का, हे कळायला आणखी विहिरी लागतात, आणि खोल समुद्रातली एकेक विहीर कोट्यवधी डॉलर खाते. साठा पुरेसा मोठा निघाला तरच तरंगतं उत्पादन जहाज, नळ, झडपा यांचा खर्च भरून निघतो. सिएरा लिओनमध्ये साठे तेवढे भरले नाहीत. मग २०१४ मध्ये तेलाचा भावही कोसळला, आणि एकेक कंपनीने आपले ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला घेतलेले सागरी पट्टे, सोडून दिले. याच किनारपट्टीवरच्या गांबियाची कथा आणखी कडू. सेनेगलचं 'सांगोमार' तेलक्षेत्र तिच्या सागरी हद्दीला अगदी खेटून, म्हणून तिने २०१८ आणि २०२१ मध्ये विहिरी खोदवल्या. दोन्ही कोरड्या.

या टप्प्यावर सरकारला जे मिळतं ते परवान्याची फी, भूकंपलहरींनी केलेल्या पाहणीची माहिती विकून येणारे पैसे, कधी करारावर सही करतानाचा बोनस. सहीचा बोनस ही मोहाची चीज आहे. तेल निघो न निघो, रक्कम आज हातात, आणि निवडणूक जवळ असली तर सरकारला पुढच्या २० वर्षांतल्या हिश्शापेक्षा आजची रक्कम गोड लागते. कंपनीलाही ते सोयीचं, कारण आज दोन पैसे जास्त टाकून तिला पुढची टक्केवारी उतरवून घेता येते.

तोवर गाड्यांत जाणारं पेट्रोल-डिझेल आयातच. देशात चालू असलेली तेलविहीर नाही, वायूही नाही. बुंबुनाचं ५० मेगावॉटचं जलविद्युत केंद्र उन्हाळ्यात मान टाकतं, म्हणून फ्रीटाउनच्या बंदरात एक तुर्की वीजजहाज उभं केलं होतं. त्यात जाड इंधन तेल जाळून शहराला वीज, बिल डॉलरमध्ये. २०२३ मध्ये थकबाकी वाढली तशी त्या जहाजाने वीज कापली. एप्रिल २०२४ मध्ये आठवडेच्या आठवडे अंधार झाल्यावर ऊर्जामंत्र्यांनी राजीनामा दिला आणि ते खातं राष्ट्राध्यक्षांनी स्वतःकडे घेतलं. पूर्वेला हिरे आणि उत्तरेला लोखंड निर्यात करणारा देश डॉलरअभावी अंधारात बसला, कारण निर्यातीचे डॉलर त्याच्या तिजोरीतून फार थोडे जात होते.

सागरी ब्लॉक पुन्हा देऊ केले जात आहेत. २०२२ मध्ये पाचवी परवाना-फेरी निघाली. उद्या कुणाला मोठा साठा लागलाच तर तेल कधी येईल? जुबिलीला साडेतीन वर्षं लागली, ती फार घाईची गणली जातात. सांगोमारमध्ये तेल सापडलं २०१४ मध्ये, आणि पहिला थेंब निघाला जून २०२४ मध्ये.